पिल्लाच्या दातांवरील पट्टे आणि डिस्टेंपर रोग

बैल विकत घेताना त्याचे तोंड उघडून दात पाहण्याची आपली रीत जुनी आहे. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला अशा शब्दांत आपण जनावराचे वय ठरवितो आणि त्यावरून किंमत करतो. 'धर्माची गाय आणि दात का गे नाय' ही म्हणही त्यातूनच आली. राखणीच्या कुत्र्याचे दात मात्र सहसा कोणी पाहत नाही. कुत्र्याच्या दातांवरून वयाचा अंदाज तर येतोच, शिवाय ते पिल्लू असताना कोणत्या सुमारास आजारी पडले होते, हेही पुष्कळदा कळते. ही खूण ओळखता आली, तर आपल्या वाडीतील पुढची पिल्ले वाचविता येतात.

देवरूख आणि संगमेश्वर तालुक्यातील वाड्यांमध्ये कुत्रा हा हौसेचा प्राणी नाही. काजू-आंब्याच्या बागेत वानर-माकडे येतात, भातात आणि वरकस जमिनीवरील पिकात रानडुकरे शिरतात आणि रात्री गोठ्याजवळ बिबट्या फिरकतो. अशा वेळी जागा राहणारा राखणदार म्हणून घरटी एखादा तरी कुत्रा असतो. त्याचे पिल्लू मेले तर 'दुसरे आणू' असे म्हणून आपण सोडून देतो. दुसरेही मेले तर दृष्ट लागली किंवा कोणी विष घातले, असा तर्क केला जातो. पुष्कळ वेळा त्यामागे डिस्टेंपर नावाचा विषाणूजन्य रोग असतो.

एक नेहमीचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास जन्मलेल्या पिल्लांपैकी एक आपण घरी आणतो. दोन महिन्यांचे होते न होते तोच ते मलूल होते. डोळ्यांत चिपडे येतात, नाक वाहते, हगवण लागते. बरोबरची भावंडे मरतात, पण हे एक तगते. महिन्याभरात खाऊ-पिऊ लागते आणि आजार विसरला जातो. पुढे काजूच्या हंगामात त्याचे दुधाचे दात पडून कायमचे दात येऊ लागतात. हे नवे दात पांढरे, चकचकीत नसतात. त्यांवर खड्डे असतात, तपकिरी आडवे पट्टे असतात, सुळ्याचा काही भाग खरवडल्यासारखा दिसतो.

मालक म्हणतो, 'कॅल्शियम कमी पडले.' कोणी म्हणतो, 'गोड खायला घातले म्हणून दात किडले.' बाजारातून कॅल्शियमची बाटली येते आणि ती संपली तरी दात आहेत तसेच राहतात. कारण हे दात किडलेले नसतात. ते हिरडीखाली तयार होत असतानाच बिघडलेले असतात.

दात कसा तयार होतो?

कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बाहेर येतात. कायमचे दात ४२ असतात. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास पुढचे दात बदलू लागतात, त्यानंतर सुळे व दाढा येतात आणि सात महिन्यांपर्यंत तोंड भरते.

कायमचा दात बाहेर येतो चौथ्या-पाचव्या महिन्यात, पण त्याचा वरचा भाग त्याआधीच जबड्यात घडत असतो. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत बहुतेक कायमच्या दातांवर इनॅमल चढते. इनॅमल म्हणजे दातावरील पांढरे, चकचकीत, कठीण कवच. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ आहे. कुत्र्यात त्याची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते.

हे कवच विशिष्ट पेशी तयार करतात. त्यांचे काम चिऱ्याच्या भिंतीला गिलावा करणाऱ्या गवंड्यासारखे असते. दाताच्या टोकापासून सुरुवात करून त्या हिरडीच्या दिशेने थर देत जातात. मात्र गवंड्यात आणि या पेशींत एक मोठा फरक आहे. भिंतीचा गिलावा राहिला तर गवंडी पुन्हा बोलावता येतो. दात हिरडीबाहेर येईपर्यंत या पेशी नाहीशा झालेल्या असतात. त्यामुळे राहिलेला भाग पुन्हा कधीही भरून येत नाही. मोडलेले हाड सांधते, जखमेवर कातडी येते, पण इनॅमल पुन्हा येत नाही.

विषाणू दातापर्यंत कसा पोहोचतो?

डिस्टेंपरचा विषाणू आजारी कुत्र्याच्या नाका-डोळ्यांतील स्राव, खोकल्याचे तुषार, लघवी आणि विष्ठा यांतून बाहेर पडतो आणि मुख्यतः श्वासावाटे दुसऱ्या कुत्र्याच्या शरीरात जातो. घशाजवळील गाठींमध्ये तो वाढतो व आठवड्याभरात रक्तातून सर्वत्र पसरतो. शरीराच्या आतील-बाहेरील अस्तरांच्या पेशी ही त्याची आवडती जागा. म्हणून नाक, डोळे, फुप्फुसे, आतडी आणि कातडी या साऱ्यांवर एकाच आजारात परिणाम दिसतो.

इनॅमल तयार करणाऱ्या पेशी याच अस्तराच्या जातीच्या आहेत. विषाणू त्यांच्यात शिरला की त्या सुजतात, मरतात किंवा काही काळ काम थांबवितात. तापामुळेही त्यांच्या कामात व्यत्यय येतो. जेवढे दिवस काम बंद, तेवढ्या भागावर कवच बसत नाही किंवा पातळ, ठिसूळ बसते. पिल्लू बरे झाल्यावर उरलेल्या पेशी पुढच्या भागावर पुन्हा व्यवस्थित काम करतात. त्यामुळे वर चांगला भाग, मध्ये खराब पट्टा आणि खाली पुन्हा चांगला भाग असा दात तयार होतो. उघड्या पडलेल्या पट्ट्यात अन्नाचा व लाळेचा रंग मुरतो आणि तो पिवळा-तपकिरी दिसू लागतो.

भात पोटरीत असताना पाण्याचा ताण पडला, तर त्या दिवशी शेतात काही दिसत नाही. लोंबी बाहेर आल्यावर पळींज दिसते. दातांचेही तसेच आहे. नुकसान जानेवारीत झालेले असते आणि दिसते एप्रिलमध्ये. या मधल्या अंतरामुळेच आजार आणि दात यांचा संबंध आपल्या ध्यानात येत नाही.

पट्ट्यावरून काय कळते?

दाताचे टोक आधी घडते आणि हिरडीजवळचा भाग शेवटी. त्यामुळे सुळ्याच्या टोकाजवळ पट्टा असेल, तर पिल्लू फार लहान असताना आजारी पडले असे समजावे. पट्टा हिरडीजवळ असेल, तर आजार थोडा उशिरा आला. एकाच वेळी घडत असलेल्या अनेक दातांवर, डाव्या-उजव्या बाजूला सारखेच पट्टे असतील, तर तो संपूर्ण शरीराला झालेल्या आजाराचा परिणाम असतो. आजार लवकर व जोरात झाला असेल, तर काही दातांची मुळे आखूड राहतात किंवा एखादा दात उगवतच नाही. चार महिन्यांनंतर लागण झाली, तर बहुतेक इनॅमल आधीच तयार झालेले असते व दातांवर खूण राहत नाही. म्हणून दात स्वच्छ आहेत याचा अर्थ रोग झालाच नव्हता, असा मात्र घेऊ नये.

दातांच्या खराबीची इतर कारणेही आहेत. त्यांतील फरक असा ओळखावा:

१) एकाच दातावर डाग असेल, तर दुधाच्या दाताला मार लागून किंवा त्याच्या मुळाशी पू होऊन खालचा दात बिघडलेला असण्याचा संभव अधिक.

२) सर्व दात सारखे पिवळसर, पण पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर गाभण कुत्रीला किंवा लहान पिल्लाला दिलेल्या टेट्रासायक्लिन गटातील औषधाचा तो रंग असू शकतो.

३) पाण्यात फ्लोराईड जास्त असलेल्या भागात माणसे, गुरे, कुत्री या सर्वांचेच दात डागाळतात. विदर्भात चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील काही गावांत हा प्रश्न आहे.

४) विषाणूशिवाय दुसऱ्या कारणाने आलेला जोराचा, लांबलेला ताप किंवा तीव्र कुपोषण यांमुळेही असे पट्टे पडतात. लस न दिलेल्या आणि लहानपणी नाक-डोळे वाहण्याचा आजार झालेल्या कुत्र्यात मात्र पहिला संशय डिस्टेंपरचाच घ्यावा.

डिस्टेंपरमुळे बिघडलेले दात आनुवंशिक नसतात. अशा कुत्रीच्या पिल्लांना तिचे दात मिळत नाहीत. तिच्या पिल्लांतही पट्टे दिसले, तर बहुधा रोग वाडीत पुन्हा आला, असे समजावे.

रोगाची लक्षणे

लागण झाल्यापासून तीन ते सहा दिवसांत पहिला ताप येतो. तो एक-दोन दिवसांत उतरतो व काही दिवसांनी पुन्हा चढतो. नंतर डोळ्यांतून व नाकातून आधी पाण्यासारखा आणि पुढे घट्ट पिवळा स्राव, खोकला, उलट्या, हगवण, खाणे बंद होणे ही लक्षणे दिसतात. पोटाच्या कातडीवर लहान पुळ्या येतात. काही कुत्र्यांत नाकाचा शेंडा व पंजाखालच्या गाद्या जाड, कडक होतात.

पुढे विषाणू मेंदूत गेल्यास जबडा चावल्यासारखा सतत हलतो, तोंडाला फेस येतो, झटके येतात, एखादा पाय ठरावीक लयीत उडत राहतो. ही लक्षणे पहिला आजार बरा झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही दिसतात. लस न दिलेल्या पिल्लांत निम्मी किंवा त्याहून अधिक दगावतात.

येथे विशेष सावधगिरी हवी. फेस, झटके आणि बदललेली वागणूक ही पिसाळण्याच्या रोगातही, म्हणजे रेबीजमध्येही दिसतात. बाहेरून पाहून दोहोंतील फरक ठरविता येत नाही. म्हणून आजारी, चावरे किंवा अनोळखी कुत्रे असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नये. दात पाहायचे ते आपल्या घरच्या, निरोगी, सवयीच्या पिल्लाचे आणि तेही तोंड न फाकविता, बाजूने ओठ हलकेच वर उचलून पाहावेत. कुत्रे चावले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. डिस्टेंपर माणसाला होत नाही. रेबीज होतो आणि एकदा त्याची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही.

हा विषाणू कोणत्या कुळातला?

डिस्टेंपर विषाणूमुळे होतो, हे फ्रान्समधील पशुवैद्यक आंरी कारे यांनी १९०५ साली दाखविले. हा विषाणू गोवर, गुरांची बुळकांडी आणि शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर यांच्या विषाणूंचा भाऊबंद आहे. यांपैकी बुळकांडीने आपल्या आजोबा-पणजोबांचे गोठे रिकामे केले. लसीकरणाच्या जोरावर २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली ती जगातून नाहीशी झाल्याची घोषणा झाली. एका भावाला लसीने संपविता आले, तर दुसऱ्यापासून आपली वाडी राखणे अवघड नाही.

डिस्टेंपर आपल्याकडे नाही, असे कोणी समजू नये. सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या परिसरातील मोकळ्या कुत्र्यांचे रक्त शास्त्रज्ञांनी तपासले. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक कुत्र्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे त्या कुत्र्यांना हा विषाणू कधी ना कधी भेटून गेला होता. जी मेली त्यांची गणना यात नाही.

रोग कुत्र्यांपुरता थांबतही नाही. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेनगेटीच्या जंगलात सुमारे एक-तृतीयांश सिंह या विषाणूने मेले. २०१८ साली गुजरातेत गीरमध्ये थोड्या दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही तपासणीत हाच विषाणू सापडला. देवरूखच्या पूर्वेला सह्याद्रीची रांग आहे आणि २०१० साली घोषित झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प याच डोंगरात आहे. आपली कुत्री रानात जातात, बिबटे वाडीत येतात. कुत्र्याला टोचलेली लस रानातील जनावरांनाही उपयोगी पडते.

लसीकरण: केव्हा आणि किती वेळा?

डिस्टेंपरवर विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाईन, ताप व उलट्यांवरील औषधे, जंतुसंसर्ग वाढू नये म्हणून प्रतिजैविके असे उपचार पशुवैद्यक करतात व त्यांनी काही पिल्ले वाचतात. वाचली तरी दातांचे नुकसान टळत नाही. म्हणून लस हाच उपाय.

'लस टोचली तरी पिल्लू गेले,' अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. याचे कारण बहुधा वेळेत असते. पहिल्या चिकामधून पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती रक्तात असेपर्यंत टोचलेली लस निकामी होते. ही शक्ती कोणत्या पिल्लात सहाव्या आठवड्यात संपते, कोणत्या पिल्लात बाराव्याच्याही पुढे टिकते. हे बाहेरून कळत नाही. म्हणून एकच लस टोचून भागत नाही, ठरावीक अंतराने मात्रा द्याव्या लागतात. पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांची असताना द्यावी. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत, पुढच्या मात्रा द्याव्यात. एका वर्षाने वर्धक मात्रा आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने.

आपल्या सणांच्या हिशेबाने लक्षात ठेवणे सोपे आहे. नोव्हेंबरच्या आरंभी, दिवाळीच्या आसपास पिल्लू जन्मले, तर पहिली लस डिसेंबरच्या मध्यावर, दुसरी मकरसंक्रांतीला म्हणजे मार्लेश्वरच्या यात्रेच्या सुमारास, त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी आणि शेवटची फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, शिमगा येण्याआधी. दातांवर इनॅमल चढण्याचा काळ नेमका हाच आहे. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास वेगळी टोचून घ्यावी.

लस थंड साखळीत, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती खिशात किंवा गाडीच्या डिकीत घालून आणू नये. पिल्लालाच दवाखान्यात न्यावे किंवा लस बर्फाच्या डब्यातून आणावी. द्रावण तयार केल्यावर ती लगेच टोचावी. आजारी व तापलेल्या पिल्लाला लस देऊ नये. आधी पशुवैद्यकाला दाखवावे.

रोग वाडीत आल्यास

१) आजारी पिल्लू वेगळे बांधावे. त्याची भांडी, गोणपाट वेगळे ठेवावे. बरे झालेले कुत्रेही दोन-तीन महिने विषाणू पसरवू शकते.

२) हा विषाणू ऊन, उष्णता व नेहमीची जंतुनाशके यांनी लवकर मरतो. जागा धुऊन, जंतुनाशक वापरून, कडक उन्हात वाळू द्यावी. गोणपाट जाळून टाकावे.

३) नवे पिल्लू लगेच त्या जागी आणू नये. आणायचे तर लस दिलेले आणावे आणि लसीचे कार्ड तारखेसह पाहून घ्यावे.

४) एकट्याच्या कुत्र्याला लस देऊन वाडी सुरक्षित होत नाही. शेजाऱ्यांनी मिळून एकच दिवस ठरवून पशुवैद्यकांना बोलावल्यास खर्च व श्रम दोन्ही वाचतात.

खराब दातांच्या कुत्र्याची काळजी

असे कुत्रे टाकून देऊ नये. भुंकणे, जागणे, राखण करणे यांत ते कमी पडत नाही. मात्र कवच नसलेला दात ठिसूळ व हळवा असतो. त्याला कठीण हाडे, दगड, करवंट्या चघळू देऊ नयेत. भात, आमटीत भिजवलेली भाकरी, शिजवलेले काटे काढलेले मासे असे मऊ अन्न द्यावे. दात तुटून मध्यभागी लाल किंवा काळा ठिपका दिसला, गाल सुजला किंवा कुत्रे एकाच बाजूने चावू लागले, तर पशुवैद्यकाला दाखवावे. असा दात काढावा लागतो. कॅल्शियमच्या औषधाने गेलेले कवच परत येत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत.

गुरा-शेळ्यांच्या दातांचे काय?

हा प्रश्न शेतकऱ्यांच्या मनात येणे साहजिक आहे. लाळ्या-खुरकुतात जिभेवर, हिरडीवर आणि वरच्या जबड्याच्या दंतगादीवर फोड येतात. शेळ्यांच्या पीपीआरमध्ये हिरड्या व ओठांच्या आत चट्टे पडून करडे चारा सोडतात. या रोगांत इजा होते ती दाताभोवतालच्या मऊ भागाला आणि जनावर जगले तर ती भरून येते. वासराचे पहिले दोन कायमचे दात साधारण दोन वर्षांच्या सुमारास येतात. त्याआधी ते जबड्यात घडत असतात. म्हणून वासराला लांबलेला आजार, कुपोषण किंवा फ्लोराईडयुक्त पाणी यांची झळ लागू देऊ नये. वासरांना चार महिन्यांपासून लाळ्या-खुरकुताची आणि करडांना पीपीआरची लस टोचून घ्यावी. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून लाळ्या-खुरकुताची लस २०१९ पासून मोफत दिली जात आहे.

थोडक्यात

येत्या काजूच्या हंगामात आपल्या पिल्लाचे नवे दात जरूर पाहा. ते स्वच्छ असतील तर समाधान माना, पण लस चुकवू नका. पट्टे दिसले, तर त्या कुत्र्यासाठी आता करण्यासारखे थोडेच आहे. पण तुमच्या वाडीत डिस्टेंपर येऊन गेला असावा, हे त्यावरून समजा. शेजाऱ्याच्या कुत्रीला दिवाळीत पिल्ले झाली, तर ही गोष्ट त्याच्या कानावर घाला आणि डिसेंबरमध्ये ती पिल्ले जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचतील असे पाहा.